शाफ्ट फिरू द्यावा की बांधावा?

मंडळी, आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. मुळा धरणाचे पाणी आहे, भंडारदरा आहे, शेवगाव-नेवाश्याकडे जायकवाडीचा फुगवटा आहे. पण शीड म्हणाल तर ते मी चाळीस वर्षे पोरांना फळ्यावर काढूनच दाखवले. शिवरायांचे आरमार शिकवताना गुराब आणि गलबत यांतला फरक सांगायचो. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "गुरुजी, तुम्ही बसलात का त्यात?" नाही बसलो बाबांनो. पहिल्यांदा शिडाच्या बोटीत पाय ठेवला तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि तोही न्यूझीलंडमध्ये. त्याची गोष्ट पुढे येईल.

आज लिहायचे आहे ते एका अगदी लहान प्रश्नावर. घरातल्यांना हा प्रश्न तोंडपाठ आहे, त्यांनी हसू नये. शिडाच्या नौकेला हल्ली इंजिन असतेच. त्या इंजिनापासून गिअरबॉक्स, गिअरबॉक्सपासून एक दांडा, म्हणजे शाफ्ट, आणि शाफ्टच्या टोकाला पाण्यात पंखा, म्हणजे प्रॉपेलर. वारा मिळाला की इंजिन बंद करायचे आणि शिडावर जायचे. पण पंखा तर पाण्यातच राहिला! नौका पुढे जाते, पाणी पंख्याला ढकलते आणि पंखा आपोआप फिरू लागतो. मग त्याला फिरू द्यायचे की गिअर टाकून जखडून ठेवायचे?

प्रश्न ऐकायला सोपा, पण यावर जगभरचे दर्यावर्दी दीडशे-पावणेदोनशे वर्षे भांडत आले आहेत. आणि आमच्या घरात एका बाप-लेकाचे तुटलेले बोलणे या प्रश्नाने पुन्हा जोडले. म्हणून लिहितो.

आधी थोडा इतिहास. मास्तर आहे, त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वाफेचे यंत्र जहाजावर आले तेव्हा पंखा नव्हता, दोन बाजूंना चाके होती. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. मुंबई-सुएझ हा वाफेवरचा पहिला प्रवास. तिचा कप्तान जॉन विल्सन. (भंडारदऱ्याच्या धरणाला ज्याचे नाव आहे तो विल्सन वेगळा, तो गव्हर्नर. १९२६ साली धरणाचे उद्घाटन त्याच्या हातून झाले. मुलांचा इथे नेहमी घोटाळा व्हायचा.) तिच्यात कोळसा इतका ठासून भरला होता की माणसांना वावरायला जागा उरली नाही, आणि तरी एडनला पोहोचेपर्यंत तो जवळपास संपला. म्हणून त्या काळच्या सगळ्या आगबोटींना शिडे असत. वारा अनुकूल असला की कोळसा वाचवायचा. पण मग बाजूची चाके पाण्यात आडवी येत आणि बोट मागे ओढत. चाकांच्या खालच्या फळ्या उतरवून ठेवणे हा त्यावरचा एक उपाय होता. म्हणजे आपला प्रश्न जन्मला तो असा, पंख्याच्याही आधी.

१८४० नंतर चाके मागे पडली, पंखा आला. ब्रिटिश आरमाराने पंख्याचा प्रश्न सरळ अंगमेहनतीने सोडवला. जहाजाच्या मागच्या बाजूला एक उभी विहीर ठेवायची आणि शिडावर जायचे असेल तेव्हा पंखा शाफ्टपासून सोडवून त्या विहिरीतून वर ओढून घ्यायचा. धुराडेसुद्धा दुर्बिणीसारखे खाली सरकवायचे. वारा पडला की उलटा हुकूम: धुराडे वर, पंखा खाली! १८६० साली पाण्यात उतरलेल्या 'वॉरियर' या लोखंडी युद्धनौकेचा पंखा वर ओढायला सहाशे माणसे दोराला लागत. सहाशे! आमच्या गावच्या यात्रेत बारागाड्या ओढतात तेव्हाही एवढी माणसे नसतात. हे जहाज पोर्टस्मथला आजही जपून ठेवले आहे.

एवढी यातायात का करायची? तर पाण्यातून ओढत नेलेला पंखा हा एक ब्रेक असतो. पुण्याला जाताना सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, त्यांचे पाते आठवा. वारा त्या पात्याला ढकलतो आणि पाते वाऱ्याचा जोर खाते. नौकेचा पंखा म्हणजे पाण्यातली पवनचक्कीच, फक्त तिने खाल्लेला जोर आपल्या शिडाच्या खात्यातून जातो. आता पुष्कळांची समजूत अशी की पाते थांबवले तर विरोध कमी होईल. मलाही तसेच वाटायचे. प्रत्यक्षात उलटे आहे. स्थिर पाती पाण्याला भिंतीसारखी आडवी येतात, फिरणारी पाती पाण्याला बरीचशी वाट देतात. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली हे मोजून प्रसिद्ध केले: नेहमीचा अढळ पात्यांचा पंखा जखडून ठेवला तर मोकळा फिरण्यापेक्षा जास्त ओढ बसते. मात्र मोकळा फिरताना शाफ्टला फार घर्षण असेल तर हा फायदा कमी होतो.

मग सगळ्यांनी पंखा मोकळा सोडावा, विषय संपला! पण नाही संपत. कारण पंख्याच्या मागे गिअरबॉक्स आहे. इथून आमचे नाना गोष्टीत येतात.

नाना म्हणजे माझा धाकटा भाऊ. घरात लहान पोरांपासून सगळे त्याला नानाच म्हणत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्याची हयात गेली. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली याचा त्याला असा अभिमान, जणू ती त्यानेच धुऊन-पुसून पाठवली होती. जन्म मात्र त्यानंतर पाच वर्षांचा. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नाना असता तर म्हणाला असता, पाटी बदला, गाडी वेळेवर सोडा.)

नानाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, इंजिनिअर होऊन ऑकलंडला गेला. त्या गावात घरटी मोटार असावी तशा शिडाच्या बोटी आहेत म्हणे. २००९ साली या पठ्ठ्याने घरासाठी साठवलेल्या पैशातून एक जुनी अठ्ठावीस फुटी बोट घेतली. नाना भडकला. आयुष्यभर ओव्हरटाइम करून पोराला शिकवले आणि त्याने घर सोडून नाव घेतली, तीही वाऱ्यावर चालणारी! फोनवर काहीतरी बोलू नये ते बोलला. त्यानंतर दोन वर्षे दोघांचे बोलणे "बरे आहे ना", "हो, बरे आहे", आणि फोन आईकडे. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला. मास्तरांचे कोण ऐकतो?

त्याच सुमारास म्हादेईची बातमी आली. १९ मे २०१० रोजी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाला फेरी मारणारा पहिला भारतीय, आणि मराठी माणूस. १९ ऑगस्ट २००९ ला निघाले होते, बरोबर नऊ महिने. वाटेत चारच थांबे: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेत केपटाऊन. छप्पन फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. आराखडा डच, हात आपले. मांडवी नदीचे जुने नाव म्हादेई, तेच नौकेला दिले.

या सगळ्यामागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे स्वप्न होते, आणि मला सर्वांत भावते ते हे की ते निवृत्तीनंतर राहत होते सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णीला. आमच्यासारखाच कोरडा मुलूख! एकाहत्तरच्या युद्धात 'कामोर्ता' जहाज चालवून वीरचक्र मिळवलेला माणूस माळरानावर बसून नौदलाला सांगत राहिला, की एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून जगाची फेरी केली पाहिजे. २०१८ मध्ये ते गेले. तोवर दोंदे यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ अशी कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली होती, आणि 'तारिणी'तून सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जगाला फेरी घालून आल्या होत्या.

तर ती २०१० ची बातमी मी नानाला मोठ्याने वाचून दाखवली. हेतू अर्थात दुसराच होता. नाना बराच वेळ गप्प बसला. मला वाटले, पोराची आठवण झाली. मग म्हणाला, "दादा, नऊ महिने इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचं काय करत असतील रे?"

मी काय सांगणार, कपाळ! एवढे वाचले होते की अशा नौकांवर इंजिन रोज थोडा वेळ बॅटऱ्या भरण्यासाठी चालवतात आणि बंदरात शिरताना वापरतात. बाकी प्रवास शिडावर. नाना म्हणाला, "ते इंजिनाचं झालं. मी शाफ्टचं विचारतोय." आणि पेपर घेऊन आत गेला.

पुढे २०११ च्या दिवाळीत पुतण्याचा मला फोन. म्हणाला, "काका, एक विचारू? अण्णांना विचारा, पण मी विचारलं असं सांगू नका." (नानाला तो अण्णा म्हणतो.) त्याची तक्रार अशी: रात्रभर शिडावर गेले की न्यूट्रलमध्ये शाफ्ट घुंई घुंई फिरत राहतो आणि सकाळी गिअरबॉक्सचे मागचे टोक हाताला गरम लागते. शेजारच्या बोटवाल्यांपैकी एक म्हणतो, रिव्हर्समध्ये टाकून ठेव. दुसरा म्हणतो, फिरू दे, वेग वाढेल. तिसरा म्हणतो, घडीचा पंखा घे. त्याची पाती पाण्याच्या जोराने मिटतात. त्याला पैसे कुठून आणायचे?

मी निरोप्याचे काम केले, आणि पाच मिनिटांत पकडला गेलो. नाना म्हणाला, "त्याला फोन लाव."

ते बोलणे मी शेजारी बसून ऐकले. दोन वर्षांनी बाप मुलाशी बोलतो आहे, आणि पहिले वाक्य काय? "तेलाचा पंप कोण फिरवतंय, इंजिन की शाफ्ट?"

नानाने त्याला समजावले ते असे. एसटी बंद पडली की तिला ओढून आणतात. लांबून ओढायची असेल तर आधी खाली शिरून प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा. (मोटारीत गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला प्रॉपेलर शाफ्टच म्हणतात. हा शब्द बोटीतून बसमध्ये आला असणार, पण नानाच्या दृष्टीने बोटवाल्यांनी तो एसटीकडून उचलला.) का सोडायचा? गाडी ओढली जाते तेव्हा मागची चाके फिरतात, ती शाफ्ट फिरवतात, शाफ्ट गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवतो. पण तेल वर उडवणारा खालचा दांडा फिरतो इंजिनाच्या जोरावर, आणि इंजिन तर बंद! म्हणजे बेअरिंग फिरते आहे आणि तेल खाली तळाला निवांत पडले आहे. एका ट्रकवाल्याने आळस करून शाफ्ट न सोडता गाडी घोडेगावहून नगरपर्यंत ओढत आणली होती, तिच्या गिअरबॉक्सचा वास नाना तीस वर्षांनंतरही वर्णन करून सांगायचा.

"तुझी बोट म्हणजे बंद पडलेली गाडी आहे," नाना म्हणाला, "आणि वारा ओढतोय तिला."

पुतण्या तिकडून पहिल्यांदा हसला. मग त्याने पुस्तक काढले. त्याच्या गिअरबॉक्सला तेलाचा पंप होता आणि तो इंजिनाच्या बाजूनेच फिरत होता. निदान बरोबर. हे सगळ्या बोटींना लागू नाही, हेही सांगायला हवे. काही साध्या गिअरबॉक्सचे बनवणारे स्वतःच सांगतात की न्यूट्रलमध्ये फिरू द्या, काही बिघडत नाही. उलट गिअरमध्ये ठेवलेत तर आतला क्लच घासेल किंवा अडकून बसेल. काही जण सांगतात की रिव्हर्समध्ये ठेवा, विशेषतः घडीचा पंखा असेल तर. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गिअरबॉक्सला मात्र रिव्हर्समध्ये टाकून उपयोग नाही. इंजिन बंद म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे गिअर धरतच नाही; खटका रिव्हर्सवर आणि शाफ्ट खुशाल फिरतोय. अशा ठिकाणी दर काही तासांनी थोडे इंजिन चालवून तेल फिरवतात, नाहीतर शाफ्टच बाहेरून जखडतात. पुतण्याचे नेमके असेच होते. वेग थोडा गेला तरी चालेल, गिअरबॉक्स वाचवायचा, असे बाप-लेकांत ठरले.

त्याच्या बोटीचा पंखा दोन पात्यांचा आणि तळाला लांबलचक कणा. पंखा कणा आणि सुकाणू यांच्यामधल्या फटीत बसवलेला. जुन्या दर्यावर्द्यांची यावर एक सुंदर युक्ती आहे: शाफ्टवर आतून रंगाची खूण करायची, ती वर आली की दोन्ही पाती उभी, म्हणजे बरोबर कण्याच्या आडोशाला. तिथे शाफ्ट बांधला की पंखा पाण्याला फारसा दिसतच नाही. जखडल्याने वाढलेली ओढ अशी बरीचशी वसूल होते.

मुंबईत बांधलेली 'सुहेली' याच जातीची, लांब कण्याची. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. त्याने १९६३ साली मुंबईत ही बत्तीस फुटी नाव बांधायला घेतली. लाकूड सागवानी, सुतार आपले, हत्यारे वाकस आणि गिरमिटाच्या जमान्यातली. इराणच्या आखातातल्या एका वाऱ्याचे अरबी नाव तिला दिले. १४ जून १९६८ ला तो तिच्यातून इंग्लंडच्या फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला ३१२ दिवसांनी तिथेच परतला. एकट्याने, कुठेही न थांबता जगाची फेरी करणारा पहिला माणूस. शर्यतीत नऊ जण होते, शेवटपर्यंत पोहोचला हा एकटा. त्याच नॉक्स-जॉन्स्टनकडे २००६ मध्ये दिलीप दोंदे उमेदवारीला गेले होते. मुंबईच्या सुतारांनी दिलेले असे फिरून परत आले, असे मी वर्गात सांगत असे. निवृत्तीनंतर सुचलेले धडे वर्गाला मिळत नाहीत, म्हणून व्याख्यानात सांगतो.

पुन्हा शाफ्टकडे. नानाने कागदावर एक चिमटा काढला. लाकडाचे दोन ठोकळे, मध्ये शाफ्टच्या मापाची अर्धी-अर्धी खाच, आतून चामडे, दोन बोल्ट, आणि एक लांब कान जो बोटीच्या आतल्या तुळईला टेकेल. मग त्याने खरा मुद्दा काढला. "उद्या वारा पडला, तू घाईत इंजिन लावलंस, गिअर टाकलास आणि चिमटा तसाच राहिला, तर?" उत्तरही त्याचेच. इंजिनाची चावी चिमट्याच्या कानाला टांगायची. चिमटा काढल्याशिवाय चावी हाती येता कामा नये. पुढे मी वाचले की कित्येक बोटवाले असेच काहीतरी करतात. नानाला ते कोणी सांगितले नव्हते. वर्कशॉपमध्ये गाडीखाली माणूस असेल तर चावी त्याच्याच खिशात, हा त्याचा जन्माचा नियम.

ठोकळे त्याने राहुरीच्या सुताराकडून बाभळीचे करून घेतले आणि ओळखीच्या एका मुलीबरोबर पाठवले. बाभळीला पर्याय नाही, बैलगाडीची चाके तिचीच! पण न्यूझीलंडचे लाकडाबाबतचे नियम फार कडक. कच्चे लाकूड, त्यात साल राहिलेली. विमानतळाच्या आत काही ते गेले नाही. नाना आठवडाभर त्या देशावर रागावला होता. शेवटी पुतण्याने नानाच्या कागदावरून तिथल्याच लाकडाचा चिमटा केला.

२०१३ मध्ये आम्ही दोघे भाऊ गेलो. मी बोटीत बसलो, उलटी झाली, काठाकडे बघत राहिलो. नानाने समुद्राकडे पाहिलेसुद्धा नाही. तो सरळ खाली इंजिनापाशी उतरला, बॅटरी धरून पालथा पडला आणि शाफ्टला हात लावून बसला. शिडे भरली, बोट कलली, पुतण्याने वरून विचारले, "अण्णा, फिरतोय का?" खालून आवाज आला, "केसभरही नाही."

नाना २०२० च्या सप्टेंबरात गेला. विमाने बंद होती, पुतण्याला येता आले नाही. दहाव्याचे सगळे त्याने फोनवर पाहिले. तो कागद, मापे इंचात आणि खाली नानाची आडवी सही, त्याने प्लास्टिकमध्ये घालून बोटीच्या इंजिनाच्या झाकणाला आतून लावला आहे. फोटो पाठवला होता.

मागच्या महिन्यात त्याने नवा पंखा घेतला. हा घडीचा नाही. याची पाती पाण्याच्या दिशेने वळून धारेवर उभी राहतात, वादळात पवनचक्कीची करतात तशी. आत लहान दाती चाके आहेत आणि त्यांत दरवर्षी ग्रीस भरावे लागते. खाऱ्या पाण्यात वर्षभर टिकणारे ग्रीस कोणते, आणि भरताना आतली हवा कशी काढायची, असे त्याने मला विचारले आहे. मला कुठले ठाऊक? वाचकांत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले किंवा कोकणात बोटींची कामे केलेले कोणी असेल, तर खाली जरूर लिहा. मी त्याला कळवतो.